दीड दिवसाचा हिशोब

१ ऑगस्टला आपल्या वस्तीत स्टेज लागतो. हार, फोटो, डिजे. मग एखादा पोरगा माईक धरून ओरडतो, "अण्णा भाऊ फक्त दीड दिवस शाळेत गेले आणि साऱ्या जगानं वाचावं असं लिहून गेले!" टाळ्या पडतात. मीपण कैक वर्षं वाजवल्यात. गेल्या खेपेला पाळी संपवून तसाच आलो होतो. अंगाला ग्रीसचा वास, तळहातावर वायररोपचे ओरखडे. मागच्या रांगेत उभा राहिलो आणि तेच वाक्य ऐकलं. पण हात वर येईनात. मनात म्हटलं, च्यायला, आपण टाळ्या कशाला वाजवतोय? एका पोराला दीड दिवसात शाळा सोडावी लागली, त्याला?

मित्रांनो, या दीड दिवसाचा हिशोब कुणीच मांडलेला नाही. मी मांडायला बसलोय. मी मॅट्रिक आहे, तेही काठावर. प्राध्यापकांनी चुका काढाव्यात. मी त्यांना भीत नाही. का भीत नाही ते पुढं येईलच.

वाटेगाव, तालुका वाळवा. १ ऑगस्ट १९२० रोजी तिथल्या मांगवाड्यात तुकाराम भाऊराव साठे जन्मले. आज आपण सांगली म्हणतो तो मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा काढला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. पोरगं शाळेत गेलं. मांगाच्या पोराच्या वाट्याला वर्गात जे यायचं ते आलं आणि दीड दिवसात शाळा सुटली ती कायमची. पुढं बापाबरोबर वाटेगावाहून पायी चालत मुंबई गाठली. कोळसे वेचले, हमाली केली, गिरणीत राबलं. आणि राबता राबता दुकानांच्या पाट्या बघून, सिनेमाची पोस्टरं बघून अक्षर लावायला शिकलं. पुढचं तुम्हाला पाठ आहे. १९४४ साली लाल बावटा कलापथक, १९५९ साली 'फकिरा', १९६१ साली तिला राज्य सरकारचं बक्षीस, त्याच साली रशियाची वारी.

आता जरा थांबून विचार करा. जे पोरगं रस्त्यावरच्या पाट्यांवरनं अक्षर उचलतं, पोटात अन्न नसताना पोस्टरापुढं उभं राहून काना-मात्रा जुळवतं, त्याला शिकायचं नव्हतं असं कुणी म्हणेल का? अक्षराची एवढी भूक ज्याला होती ते पोरगं शिक्षणापासनं पळालं नव्हतं. ते शाळेपासनं पळालं होतं. शिक्षण वेगळं आणि मास्तर वेगळा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पण आठ वर्षांच्या पोराला हे दोन वेगळे करता येत नाहीत. त्याच्या लेखी मास्तर म्हणजेच पुस्तक, मास्तर म्हणजेच फळा. मास्तर थुंकला की पुस्तकच आपल्यावर थुंकलं असं त्याला वाटतं. मग ते पुस्तकाकडं पाठ करतं आणि जन्मभर म्हणत राहतं, "मला शिक्षणाची आवडच नव्हती."

वाटेगावाहून वर साताऱ्याला चला. ७ नोव्हेंबर १९००. राजवाड्यातल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, नऊ वर्षांच्या पोराचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर, रजिस्टर नंबर १९१४. २०१७ पासून महाराष्ट्र सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. हार घालतं. पण त्या वर्गात काय होतं ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. वर्गातल्या नंबराप्रमाणं बसायची सोय नाही, कोपऱ्यात वेगळं बसायचं. बसायला गोणपाट, तेही घरनं आणायचं. संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावायचा नाही. नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान.

मी गोदीत आयुष्यभराचं गोणपाट पाहिलंय. पाठीवर घेतलंय, डोक्यावर घेतलंय, पावसात त्याची खोळ करून पांघरलंय. ओल्या गोणपाटाचा वास नाकातनं दोन दिवस जात नाही. नऊ वर्षांचं पोरगं ते काखेत मारून साताऱ्याच्या रस्त्यानं रोज जातंय आणि येतंय, हे डोळ्यापुढं आणा. गोणपाट आणायला लावणारा कोणी गावगुंड नव्हता. ती शाळा होती, आणि शाळेत मास्तर होते. सगळे शिकलेले.

इथं एक शहाणा माणूस नेहमी उभा राहतो. म्हणतो, "पण बाबासाहेबांचं काय बिघडलं? झालेच ना मोठे? अण्णा भाऊ झालेच ना? अंगात असेल तर माणूस वर येतोच." हा शहाणा आपल्यातही असतो, हे लक्षात ठेवा. पांढरा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसलेला असतो. त्याला माझं सांगणं, बिघडलं. पुष्कळ बिघडलं. ऐका.

मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव संस्कृत शिकायला निघाले. संस्कृतच्या मास्तरनं अस्पृश्याच्या पोराला शिकवायला नकार दिला. नाइलाजानं पर्शियन घ्यावी लागली. १९१२ ची बी. ए.सुद्धा इंग्रजी आणि पर्शियन घेऊन. मग १९४६ साल. 'शूद्र पूर्वी कोण होते' हा ग्रंथ छापून आला. त्याच्या प्रस्तावनेत या माणसाला, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेल्या माणसाला, आधी खुलासा द्यावा लागतो की संस्कृतवर माझं प्रभुत्व नाही, ही उणीव मला मान्य आहे, पण तेवढ्यानं या विषयावर बोलायचा माझा हक्क जात नाही. चाळीस वर्षांपूर्वी एका मास्तरनं तोंड फिरवलं, त्याचा दंड बाबासाहेब पंचावन्नाव्या वर्षी भरतायत! आणि दार लावून घेणाऱ्यांचेच भाऊबंद विचारतायत, "तुम्हाला संस्कृत कुठं येतं?" दार तुम्हीच लावलंत, आणि आत का आला नाहीत म्हणून जाबही तुम्हीच विचारणार!

बाबासाहेबांना एवढा दंड पडला. मग जे बाबासाहेब नव्हते त्यांचं काय झालं? वाटेगावच्या त्या शाळेतनं दीड दिवसात, दीड महिन्यात, दीड वर्षात बाहेर पडलेली आणि अण्णा भाऊ न झालेली पोरं कुठं गेली? त्यांच्या नावानं स्टेज लागत नाही. ती उसाच्या फडात गेली, वीटभट्टीवर गेली, गोदीत आली. माझ्या टोळीत तशी चार आहेत. पाचवा मी.

माझं गाव सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवरचं, कृष्णाकाठचं. शाळेचं नाव लिहीत नाही, मास्तरचंही नाही. नाव लिहिलं की भांडण एका माणसाचं होतं, आणि मला ते तसं करायचं नाही. आठवीत होतो. 'माझ्या गावची नदी' असा निबंध घातला होता. मी २००५ च्या महापुरावर लिहिलं. तेव्हा मी लहान होतो, पण आठवत होतं. पाणी आधी आमच्या वस्तीत शिरलं, कारण वस्ती सखल जागेवर. देवळापाशी ते चौथ्या दिवशी पोचलं. आज्जी कोंबड्या पाटीत घालून माळावर बसली होती. नदीला शिव्या घालत होती आणि त्याच तोंडानं तिला आई म्हणत होती. हे सगळं लिहिलं. पाच पानं झाली. रात्री चिमणीच्या उजेडात आज्जीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आरं, हे तर समदं खरंच लिव्हलंस की रं." माझ्या कवितेवरचा तो पहिला अभिप्राय. अजून तेवढा चांगला दुसरा मिळालेला नाही.

मास्तरनं वही वर धरली. "हे तू लिहिलंस?"

"हो सर."

"खरं सांग. कुणाची कॉपी मारलीस?"

"नाही सर, मीच."

"मग ये फळ्यापाशी. लिही इथं सगळ्यांपुढं."

गेलो. हात थरथरत होता. चार ओळी लिहिल्या. त्यात 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिलं. मास्तर वर्गाकडं वळून हसला. "बघा. ह्याला पाणी लिहिता येत नाही आणि हा नदीवर निबंध लिहितो." वर्ग हसला. माझ्या शेजारचा मित्रपण हसला. मग मास्तरनं ती पाच पानं फाडली नाहीत, मारलंही नाही. नुसती लाल रेघ ओढली, एका कोपऱ्यापासनं दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. आणि म्हणाला, "शिष्यवृत्तीचे पैसे मिळतात ना? मग कशाला एवढी मेहनत?"

आमच्या घरात पानीच म्हणतात. आज्जी पानी म्हणते, बा पानी म्हणायचा, महापुरात वस्तीत शिरलं तेही पानीच होतं. त्यानं पण तहान भागते आणि त्यात पण माणूस बुडतो. शुद्धलेखन शिकवू नका असं मी म्हणत नाही. शिकवा. 'ण' कसा लिहायचा ते दाखवा, त्याला अर्धा मिनिट लागतो. पण पाच पानांत एका पोरानं जे पाहिलं होतं ते एका अक्षरावर मारून टाकायचं, ह्याला शिकवणं म्हणत नाहीत.

त्यानंतर मी वर्गात हात वर केला नाही. मराठीच्या तासाला पोटात कळ यायची. ती खोटी नव्हती, खरीच यायची. दहावी काठावर सुटलो आणि अकरावीला गेलोच नाही. बाच्या जागी गोदीत लागलो. कुणी विचारलं की सांगायचो, "आपल्याला शिक्षणात इंटरेस्टच नव्हता." हे मी कितीतरी वर्षं खरं मानलं. मारानं अंगावर वळ येतो, तो दिसतो, आठ दिवसांत जातो. हे असलं मारणं दिसत नाही. ज्याला मारलंय तोच सांगत फिरतो की मी मेलेलाच जन्मलो होतो.

माझं शिक्षण परत सुरू झालं ते गोदीतच. रात्रपाळीला एक म्हातारा कामगार होता. मोतीबिंदूनं त्याचे डोळे अधू झालेले. जहाज लागायला उशीर झाला की तो पिशवीतनं 'फकिरा' काढायचा आणि कुणाच्या तरी हातात द्यायचा. एका रात्री माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "बाबा, मला नीट वाचता येत नाही. मी चुकतो." तो म्हणाला, "पानी म्हण न्हाईतर पाणी म्हण. म्होरं वाच." बास. त्याच्याकडं डी. एड. नव्हतं, बी. एड. नव्हतं. पण पोराला अडवायचं नसतं, म्होरं ढकलायचं असतं, एवढं त्याला कळत होतं. दोन महिन्यांत पुस्तक संपलं. तिसऱ्या महिन्यात मी बिड्यांच्या पाकिटामागं पहिली कविता लिहिली. तिच्यात नदी आली होती. पाच पानं परत आली होती.

आता कुणी म्हणेल, सगळ्या मास्तरांना एका दावणीला बांधू नकोस. नाही बांधत. त्याच साताऱ्याच्या शाळेत आंबेडकर आडनावाचे ब्राह्मण मास्तर होते. मधल्या सुट्टीत भिवाला ते आपल्या शिदोरीतली भाकरी-भाजी द्यायचे आणि बाबासाहेब ती चव जन्मभर विसरले नाहीत. मुंबईत केळुसकर गुरुजी होते. बागेत वाचत बसलेल्या पोराशी आपणहून बोलले, त्याला पुस्तकं दिली. १९०७ साली पोरगं मॅट्रिक झालं तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. ते पुस्तक कुठवर गेलं ते १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात साऱ्या जगानं पाहिलं. चांगल्या मास्तरची ताकद एवढी असते. म्हणूनच वाईट मास्तरचा गुन्हाही तेवढाच मोठा धरला पाहिजे. आणि लाखो पोरांना केळुसकर भेटणं हे नशिबावर सोडायचं का? लॉटरी आहे का ही?

जोतिबांनी ती नशिबावर सोडली नव्हती. त्यांचं घराणं मूळ खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, सावित्रीबाई नायगावच्या, म्हणजे दोघांची मुळं सातारा जिल्ह्यातली. १८४८ साली पुण्यात शाळा काढली तेव्हा पहिलं काम काय केलं? सावित्रीबाईंना शिकवून मास्तरीण केलं. शाळा म्हणजे आधी मास्तर, भिंती मागनं येतात, हे त्यांना ठाऊक होतं. १८६९ साली सरकारी विद्याखात्यातल्या ब्राह्मण पंतोजींवर त्यांनी कवनच रचलं. आणि १९ ऑक्टोबर १८८२ ला हंटर कमिशनपुढं लेखी सांगितलं की प्राथमिक शाळेचे मास्तर होता होईल तो शेतकरी वर्गातले घ्या, त्यांना नीट ट्रेनिंग द्या. वेळ पडली तर नांगराची मूठ आणि सुताराचा वाकस धरायला ज्यांना लाज वाटणार नाही, जे खालच्या लोकांत मिसळतील, असे घ्या. पगारही धड द्या, बारा रुपयांच्या खाली नको. याच मातीत भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहं काढून ते थांबले नाहीत, १९३५ साली साताऱ्याला मास्तर तयार करायचं कॉलेज काढलं. या माणसांनी रोग बरोबर ओळखला होता. आपण फक्त त्यांच्या जयंत्या ओळखतो.

कायदा आता आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम १७ नं पोराला मारायला बंदी आहे, आणि मानसिक छळालाही बंदी आहे. म्हणजे माझ्या निबंधावर लाल रेघ ओढली गेली तेव्हा कायदा लागू होता. छडी कपाटात गेली होती. जीभ कोण कपाटात ठेवणार? हे पण कबूल करतो की मास्तरलाही सरकार पिळतं. जनगणना त्याच्या माथी, निवडणूक त्याच्या माथी, खिचडीचा हिशोब त्याच्या माथी. कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनावर कैक जण वर्षानुवर्षं लोंबकळत असतात. गोदीत कंत्राटाचं दुःख मला शिकवायला नको. त्यांच्या मोर्चाला मी येईन. पण पोराचा अपमान करा असं कुठल्याही जीआरमध्ये लिहिलेलं नाही. तो तुमच्या खिशातला आहे.

आता कडू घोट. हे लिहिल्याबद्दल आपलीच माणसं मला शिव्या देतील. देऊ देत. आपल्यातले आता पुष्कळ मास्तर झालेत. आरक्षण आहे म्हणून झाले, ते आपलं हक्काचं आहे. पण त्यातल्या एकाला मी माझ्या कानांनी पारध्याच्या पोराला म्हणताना ऐकलंय, "तुझ्या डोक्यात काय शिरणार? चोऱ्या करायच्यात ना मोठेपणी?" भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्या फोटोखाली उभा राहून हा गृहस्थ साताऱ्याचं गोणपाट दुसऱ्या पोराखाली अंथरत होता. मास्तर आपला आला म्हणजे शाळा आपली झाली, असं समजू नका. खुर्चीतच तो रोग मुरलेला आहे. बसणाऱ्यानं रोज झटकला नाही तर त्यालाही लागतो.

मग करायचं काय? मला तीन गोष्टी सुचतात.

एक. गोदीत माल टॅली होतो. किती उतरला, किती फुटला, किती भिजला, सगळं कागदावर येतं आणि फुटलेल्या मालाचा जाब कुणाला तरी द्यावा लागतो. शाळेत फुटलेल्या पोरांचा टॅली कागद कुणी ठेवलाय? आपण ठेवू. येत्या ७ नोव्हेंबरला भाषणं बंद. वही घेऊन वस्तीत घरोघर जा. कोण, कितवीत, कुणाच्या कुठल्या शब्दानं शाळेतनं उठलं ते लिहून घ्या. "आवड नव्हती" हे पहिलं उत्तर येईल. तिथं थांबू नका. आणखी एकदा विचारा.

दोन. सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात पाऊण आईबाप हवेत, एकूण निम्म्या बाया हव्यात, वंचित घरांतल्या पोरांच्या आईबापांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. आपल्या माणसांची नावं तिथं बहुतेक कागदावर असतात, सही मागायला शिपाई घरी येतो. पुढच्या बैठकीला आई-बापाबरोबर तुम्ही जा, कलम १७ मोठ्यानं वाचा.

तीन. वस्तीतल्या आपल्या अभ्यासवर्गात, आपल्या कविसंमेलनात, आपल्या या पानांतसुद्धा, कुणी 'पानी' लिहिलं तर हसायचं नाही. 'ण' दाखवायचा आणि म्हणायचं, म्होरं लिही.

१ ऑगस्टला मी परत वस्तीत असेन. माईकवरचा पोरगा दीड दिवसाचं सांगेल. माझं त्याला एकच सांगणं आहे. गड्या, 'फकिरा' ही अण्णा भाऊंची कमाई आहे, तिला टाळ्या वाजव. दीड दिवस ही त्या शाळेची थकबाकी आहे. ती अजून वसूल झालेली नाही.

जय भीम!